दहा दिवसांचा परोपकार

परोपकार जन्मभर करावा असा कोणाचाच आग्रह नसतो. पण परोपकार संपण्याची तारीख तो सुरू होण्यापूर्वीच परतीच्या तिकिटावर छापलेली असेल, तर त्या व्यवहाराला परोपकार म्हणावे की पर्यटन, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार ज्याच्यावर उपकार व्हायचा आहे त्याला तरी असावा. तो अधिकार त्याला सहसा कोणी देत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेतील चर्चमंडळींत ‘अल्पमुदतीची मिशन-यात्रा’ नावाची एक प्रथा गेल्या अर्धशतकात चांगलीच रुजली आहे. सुट्टीच्या दिवसांत एखाद्या चर्चमधील पंधरा-वीस तरुण-तरुणी, सोबत एखाददुसरा प्रौढ पुढारी, सर्वांच्या अंगात एकाच रंगाचे सदरे, अशी मंडळी मेक्सिको, हैती, होंडुरास, केनिया, कधी भारत, अशा देशांत उतरतात. आठवडा-दहा दिवस राहतात. शाळेची भिंत रंगवतात, एखाद्या घराच्या विटा रचतात, अनाथालयातील मुलांना गाणी शिकवतात, प्रार्थना म्हणतात, पुष्कळशी छायाचित्रे घेतात आणि परत जातात. प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात केलेल्या अंदाजाप्रमाणे अशा कामासाठी परदेशी जाऊन येणाऱ्या अमेरिकी चर्च-सभासदांची संख्या वर्षाला सुमारे १६ लाख होती. म्हणजे ही चार भाविकांची हौस नव्हे. हा एक मोठा व्यवहार आहे.

आता या व्यवहाराशी भिलाईत कारकुनी करणाऱ्या मराठी माणसाचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध दुहेरी आहे. एक तर, ज्या छत्तीसगढात आम्ही पोटापाण्यासाठी येऊन राहिलो आहोत, तेथे बाहेरून भले करायला येणाऱ्यांची वर्दळ दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि कोणाच्या येण्याने काय उरले हे तपासायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. दुसरे असे की, चर्चच्या यात्रेला आम्ही नावे ठेवणार त्याच साच्याच्या यात्रा आपली स्वतःची मंडळेही आता काढू लागली आहेत. तेव्हा हा लेख कोणा एका धर्माविरुद्ध आहे असा समज आरंभीच दूर व्हावा. आमचा आक्षेप क्रुसाला नाही. परतीच्या तिकिटाला आहे.

प्रथम हिशेबाची बाजू पाहू; कारण आम्हां कारकून मंडळींस भावनेपेक्षा खर्चाचे तक्ते लवकर समजतात. १९९८ च्या ऑक्टोबर महिन्यात ‘मिच’ नावाच्या चक्रीवादळाने होंडुरास देशात हाहाकार उडवला. हजारो घरे वाहून गेली. ती पुन्हा उभारण्यासाठी उत्तर अमेरिकेतून चर्चचे जथेच्या जथे लोटले. होंडुरासमध्ये दीर्घकाळ वास्तव्य केलेले कर्ट व्हर बीक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने, जे स्वतः ख्रिस्ती महाविद्यालयात शिकवतात, पुढे या घरांचा अभ्यास केला. प्रवासखर्च धरून पाहुण्यांनी बांधलेल्या एका घरामागे सरासरी ३०,००० डॉलर लागले होते. तसेच घर तेथील स्थानिक ख्रिस्ती संस्था २,००० डॉलरांत उभे करीत होती. एका घराच्या पैशांत पंधरा घरे! आणि घरात राहायला गेलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने ते पाहुण्यांनी बांधले की गावच्या गवंड्याने, याने काही विशेष फरक पडल्याचे त्यांना आढळले नाही. प्रवासभत्त्यापायी मूळ कामाचा खर्च पंधरापट करणारा प्रस्ताव कोणत्याही सरकारी कचेरीत आला असता तर त्यावर आक्षेपाचे टिपण पडून तो आल्या पावली परत गेला असता. सरकारी खात्यास आपण उधळे म्हणतो. पण परोपकाराच्या खात्याची तपासणी करायला महालेखापाल कोठून आणायचा?

यावर या यात्रांचे समर्थक एक ठरीव उत्तर देतात. ते म्हणतात, “घर महाग पडले हे खरे, पण जाणाऱ्या तरुणाचे मन बदलते, त्याला दारिद्र्याचे दर्शन घडते, तो जन्मभर उदार होतो.” व्हर बीक यांनी तेही तपासले, आणि जाऊन आलेल्यांच्या दानात नि जीवनक्रमात पडलेला फरक त्यांना अल्पच दिसला. पण फरक पडतो असे क्षणभर धरून चालू. मग प्रश्न असा की, कोणाच्या दारिद्र्यावर कोणाचे शिक्षण चालले आहे? गरिबाचे अंगण ही श्रीमंताच्या मुलाची शाळा होणार असेल, तर त्या शाळेची फी गरिबास मिळाली पाहिजे. उलट त्यानेच आभार मानावेत अशी अपेक्षा असते! इव्हान इलिच नावाच्या कॅथलिक धर्मगुरूने १९६८ साली मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे, उन्हाळी सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर हेच सुनावले होते. पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या. पण मदत करायला येऊ नका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. त्या गोष्टीस अर्धशतक उलटून गेले. डोंगर चढायला जाणारे जातात, आणि मदत करायला जाणारेही जातातच.

याच मुद्द्यावर आपल्याकडील एक उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमट्यांनी गेल्या शतकाच्या साठीच्या दशकात तरुणांसाठी उन्हाळी छावणी सुरू केली. तीही थोड्याच दिवसांची. तीतही कुदळ-फावडे असते. पण तिचे नाव पाहा: श्रमसंस्कार छावणी. संस्कार कोणावर व्हायचा? येणाऱ्यावर. नावातच प्रांजळपणा आहे. तेथे जाणारा तरुण सोमनाथवर उपकार करायला गेलो असे म्हणत नाही. म्हणालाच तर तेथील उन्हाळा त्याचा गैरसमज पहिल्याच दिवशी दूर करतो. आमचे म्हणणे इतकेच आहे की, शिकायला जाणे ही चांगली गोष्ट आहे, फिरायला जाणे ही निरुपद्रवी गोष्ट आहे. पण या दोहोंपैकी एक करून तिसऱ्याचे, म्हणजे सेवेचे, श्रेय घेणे ही लबाडी आहे.

कोणी म्हणेल, लबाडी असली तरी निरुपद्रवी आहे. भिंतीला एक हात रंग जास्त लागला तर कोणाचे काय गेले? उपद्रव कसा होतो तेही पाहू. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये भीषण भूकंप झाला. पुढच्या तीन आठवड्यांच्या आत, २९ जानेवारीस, बहुतांशी आयडाहो राज्यातील बॅप्टिस्ट चर्चच्या १० अमेरिकनांचा जथा ३३ मुलांना घेऊन डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या सीमेवर अडवला गेला. मुले अनाथ आहेत अशी त्यांची समजूत. कागदपत्रे योग्य नव्हती. चौकशीत निष्पन्न झाले ते असे की, त्यांतील बहुतेक मुलांचे आईबाप हयात होते. त्या मंडळींचा हेतू दुष्ट होता असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यास तेथील भाषा येत नाही, कायदा ठाऊक नाही, आणि भूकंपात घर गमावलेली आई आपले मूल परक्याच्या हाती कोणत्या आशेने देते हे कळायला लागणारा वेळ ज्याच्याजवळ नाही, त्याच्या चांगल्या हेतूला किती किंमत द्यायची?

आणि किंमत मोजतो कोण, हेही पाहण्यासारखे आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकी तरुण पर्यटनाच्या परवान्यावर अंदमानला आला आणि बाह्य जगाशी संबंध नको असे वारंवार सांगणाऱ्या उत्तर सेंटिनेल बेटावर ख्रिस्ताचा संदेश घेऊन उतरला. तो मारला गेला. त्याच्या मरणाची थट्टा आम्ही करणार नाही. परंतु त्याच्यामागे अटक झाली ती त्याला बेटाजवळ नेणाऱ्या कोळ्यांसह सात जणांना. पाहुणा स्वर्गाच्या वाटेने गेला, आणि होडी वल्हवणारे कोठडीच्या वाटेने. ‘करून गेला गाव आणि दुसऱ्याचेच नाव’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी काही उगीच रचलेली नाही. पर्यटनाच्या परवान्यावर येऊन धर्मप्रचार करण्यास आपल्या देशात मनाई आहे आणि धर्मप्रचारकांसाठी निराळा परवाना आहे, हे केंद्र सरकारच्या नोकरास सांगायला नकोच. पण नियम मोडणारा पाहुणा फार तर विमानात बसवून दिला जातो. त्याच्यामुळे उठलेला संशय मात्र येथेच राहतो, आणि तो कायमच्या रहिवाशास, म्हणजे येथल्या ख्रिस्ती परिचारिकेस, शिक्षकास, भोगावा लागतो. आपल्या शेजारच्या दुर्ग रेल्वे स्थानकावर २५ जुलै २०२५ रोजी केरळच्या दोन नन मानवी तस्करी आणि धर्मांतर यांच्या आरोपांखाली पकडल्या गेल्या आणि २ ऑगस्टला त्यांना जामीन मिळाला. त्या प्रकरणाच्या गुणदोषांबद्दल आम्ही बोलणार नाही. आम्हांस एवढेच दाखवायचे आहे की, हवा इतकी तापलेली असताना दहा दिवसांच्या पाहुण्याने वाटलेली चार पत्रके त्याला आठवणीदाखल ठीक असतील. येथल्या माणसाला ती वर्षभर पुरतात.

आता छत्तीसगढाकडे वळू. १८६८ साली ऑस्कर लोर नावाचा जर्मन मिशनरी या भागात आला आणि सतनामी समाजात काम करण्यासाठी त्याने बिश्रामपूर वसवले. १८९९ साली, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकेतील मेनोनाइट पंथाची माणसे धमतरीस आली. त्याच पंथाच्या दुसऱ्या शाखेने विसाव्या शतकाच्या आरंभी चांपा येथे महारोग्यांसाठी आश्रम काढला. आपल्या मिरजेचेच घ्या. डॉ. वॉनलेस १८८९ साली भारतात आले, १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उभे राहिले, आणि ते परत गेले १९२८ साली. या सर्वांच्या धर्मांतराच्या उद्योगाबद्दल आमचे मत वाचकांस ठाऊक नसले तरी तर्काने कळेल. जुन्या मध्यप्रदेश सरकारने १९५४ साली नेमलेल्या आणि नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५६ च्या अहवालात त्या उद्योगावर कडक ताशेरे ओढले. १९६८ साली मध्यप्रदेशाने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. हा वाद मोठा आहे, जुना आहे आणि मिटलेला नाही. पण त्या वादात न शिरताही एक गोष्ट कबूल करावीच लागेल. ही माणसे राहिली. त्यांनी भाषा शिकून घेतली, येथल्या तापाने ती आजारी पडली, येथल्या दुष्काळात त्यांनी धान्य वाटले, आणि त्यांचे चुकले तेव्हा ती लोकांच्या रागाला सापडण्याइतकी जवळ होती. वीस वर्षे राहणाऱ्याशी भांडता येते. जो परवा जाणार त्याच्याशी भांडायलाही सवड नसते.

राहण्याचा हा गुण कोणा एका धर्माची मिरासदारी नाही, याचा पुरावा त्याच चांप्यात आहे. सदाशिव गोविंद कात्रे हे स्वतः महारोगाने पीडलेले गृहस्थ. मिशनऱ्यांच्या धर्मप्रचाराला त्यांचा विरोध होता. पण विरोधाचे व्याख्यान देऊन ते घरी गेले नाहीत. त्यांनी १९६२ साली चांप्याला भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला. पुढे अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट तेथे येऊन मिळाले आणि चार दशकांहून अधिक काळ महारोग्यांच्या वस्तीतच राहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ साली ते वारले, आणि देह त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी देऊन टाकला. एकाच गावी, एकाच रोगावर, परस्परविरोधी श्रद्धेच्या दोन संस्था. त्यांच्यात श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्यापूर्वी वाचकांनी महारोगाचे औषध कसे दिले जाते ते पाहावे. या रोगाच्या गोळ्यांचे एक पाकीट २८ दिवसांचे असते, आणि रोगाच्या प्रकाराप्रमाणे अशी सहा किंवा बारा पाकिटे घ्यावी लागतात. बधिर झालेल्या पायाला जखम झाली आहे काय, हे तर आयुष्यभर रोज संध्याकाळी पाहावे लागते. दहा दिवसांच्या परोपकाऱ्याच्या मुक्कामात पहिले पाकीटही संपत नाही! सेवेचे वेळापत्रक रोग ठरवतो, विमान कंपनी ठरवत नाही, हा धडा चांप्याच्या दोन्ही फाटकांआड सारखाच शिकायला मिळतो.

येथे एक आक्षेप प्रामाणिक आहे, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. “मग परगावचा शल्यवैद्य आठ दिवसांसाठी येऊन शंभर मोतीबिंदू काढतो, त्यालाही तुम्ही हाकलणार काय?” मुळीच नाही. १९९१ सालापासून आपल्या रेल्वेरुळांवर ‘जीवनरेखा’ नावाची रुग्णालय-गाडी फिरते; ती एका स्थानकावर काही आठवडे थांबते, शस्त्रक्रिया करते आणि पुढे जाते. पण ती येण्यापूर्वी जिल्ह्यातील माणसांनी रोगी निवडून ठेवलेले असतात, आणि गाडी गेल्यावर टाके कोण पाहणार हे ठरलेले असते. पाहुण्या शल्यवैद्याचे आठ दिवस उपयोगी पडतात, ते त्यांच्या दोन्ही बाजूंना स्थानिक माणसाचे आठ महिने उभे असतात म्हणून. ते उभे नसतील तर काय होते, हे बिलासपूरजवळील सकरी येथे ८ नोव्हेंबर २०१४ रोजी दिसले. नसबंदीच्या शिबिरात एकाच शल्यवैद्याने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या आठवड्यातील शिबिरांनंतर डझनभराहून अधिक स्त्रिया दगावल्या. दोष औषधांचा की स्वच्छतेचा, हा वाद पुढे पुष्कळ चालला. शिबिर परदेशी नव्हते, चर्चचे नव्हते. आपल्याच सरकारचे होते. म्हणून आम्ही पुनःपुन्हा सांगतो की, गोष्ट वर्णाची वा धर्माची नाही. घाईने आलेला उपकार घाईनेच मोजला जातो, आणि मोजताना आकडा तेवढा दिसतो, बाई दिसत नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण आमच्या शेजारच्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली तेथे गेले. नवजात बालके मरतात ती घराच्या अंधाऱ्या खोलीत, आणि तेथे तर डॉक्टर पोचत नाही, हे ओळखून त्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे शिकवले. नवजात बालकांचे मृत्यू त्या गावांत ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. छत्तीसगढानेही २००२ पासून गावोगाव ‘मितानिन’ नेमल्या. मितानिन म्हणजे मैत्रीण, सखी. केवढा अर्थपूर्ण शब्द! सखी दहा दिवसांसाठी करता येत नाही. ज्या बाईच्या बाळाला सखीने औषध दिले, ती बाई दुसऱ्या दिवशी तिला त्याच विहिरीवर भेटणार असते. चुकले तर तोंड लपवायला जागा नसते. जबाबदारी म्हणतात ती याहून निराळी काय असते?

चर्चच्या यात्रेकरूंची एवढी झडती घेतल्यावर आपल्या घराकडे न पाहणे अन्यायाचे होईल. परप्रांतांतील आपल्या मराठी मंडळांत हल्ली गणेशोत्सव, दिवाळी अंक आणि कोजागरी यांच्या जोडीला एक ‘सेवा उपक्रम’ असावा लागतो. हिवाळ्यात एखाद्या रविवारी बस ठरते. बस्तरच्या वाटेवरचे एखादे गाव निवडले जाते. कोणते, हे बहुधा रस्ता किती चांगला आहे यावर अवलंबून असते. ब्लँकेटे, वह्या, बिस्किटे वाटली जातात. मुले रांगेत उभी केली जातात. छायाचित्रे होतात. वाटेत धबधबा पाहून, बरोबर आणलेल्या पुऱ्या-भाजीचे जेवण होऊन मंडळी रात्री परत येतात, आणि वार्षिक अहवालात ‘आदिवासी बांधवांसाठी कार्य’ असे एक कलम वाढते. अमेरिकेचा माणूस निदान दहा दिवस काढतो. आपण दहा तासांत उरकतो! त्याला भाषा येत नाही म्हणून आपण हसावे, तर भिलाईत पंधरा वर्षे काढून घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईशी छत्तीसगढीत चार वाक्ये बोलू शकणारी आपली घरे किती निघतील? ‘का हाल हे’ या पलीकडे गाडी जात नाही, आणि पुढचे सारे मोडक्या हिंदीवर भागते.

हे आम्ही मराठी माणसास का सांगतो? कारण या प्रदेशाकडे आपले जुने देणे आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळी आपण येथे आलो ते महसूल वसूल करायला. त्यानंतर आलो ते कचेऱ्या चालवायला, आणि १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत साहाय्याने पोलादाचा कारखाना उभा राहू लागला तेव्हा आलो ते नोकऱ्या करायला. पण आपल्यांतले काही निराळे निघाले. माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी १९०० साली पेंड्र्यासारख्या आडगावाहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत आणले, आणि येथल्या लोकांना ते आपलेच वाटले. बदलीच्या माणसाला एवढे कोठून जमायचे, असे म्हणणाऱ्यास आम्ही मोल्सवर्थची आठवण देऊ. तोही नोकरीनिमित्त दूरदेशी पाठवलेला लष्करी अंमलदारच होता. त्याने आपल्या भाषेचा असा कोश केला की, १८३१ साली छापलेला तो ग्रंथ आपण आजही उघडतो. परका अंमलदार आपली भाषा शिकला याचा आपल्याला अभिमान वाटतो; आपण परक्या मुलखात अंमलदार झालो तर तेथली भाषा शिकावी, हे मात्र सुचत नाही.

मुदत ठरलेली असणे हे मुळात पाप नव्हे, हेही भिलाईनेच शिकवले आहे. येथे आलेल्या सोव्हिएत अभियंत्यांनाही एक ना एक दिवस परत जायचेच होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि काळाच्या ओघात ती कामे येथल्या हातांत आली. ते गेले आणि भट्टी विझली नाही. अल्पमुदतीच्या कामाची कसोटी हीच: तुम्ही गेल्यावर भट्टी जळत राहते काय?

म्हणून चर्चची यात्रा असो वा मंडळाची सहल, तिला आम्ही चार प्रश्न विचारू. तुम्हांला कोणी बोलावले? ज्यांच्यासाठी जाता त्यांच्या बोलीत तुम्हांला त्यांची तक्रार समजेल काय? तुमच्या भाड्याच्या पैशांत तेच काम तेथल्या माणसाने किती पट केले असते? आणि तुम्ही परतल्यावर ते कोण पुढे नेणार, त्याचे नाव काय? चारांची उत्तरे देता आली तर खुशाल जावे, आठच दिवस जावे. आमची हरकत नाही. देता येत नसतील तर पैसे पाठवावेत आणि घरी बसावे. घरी बसणे हीदेखील काही वेळा सेवाच असते.

आम्हां नोकरदारांस तर घरी बसण्याचीही गरज नाही. एका ठिकाणची बदली सामान्यतः दोन-चार वर्षे टिकते. म्हणजे अमेरिकन यात्रेकरूच्या शंभरपट मुदत आपल्या हाती आहे. आणि आपल्यापाशी द्यायला काय आहे? विटा रचणे आपल्याला येत नाही. पण अर्ज आपल्याला येतात. विधवेच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज कोठे अडला, जातीच्या दाखल्याला कोणता कागद कमी पडला, आधार कार्डावरच्या नावात एक वेलांटी चुकल्याने रेशन का थांबले, हे आपण पाच मिनिटांत ओळखतो. खेड्यातला माणूस त्यासाठी पाच खेपा घालतो. दर शनिवारी दोन तास, एकाच गावी, एकाच झाडाखाली, बदली होईपर्यंत बसणारा एक कारकून आणि बदली झाल्यावर त्याच झाडाखाली बसणारा दुसरा: आमच्या मते ही कोणत्याही मिशनहून लहान गोष्ट नाही. हिला छायाचित्र चांगले येणार नाही, एवढीच हिच्यात उणीव आहे.

यंदाच्या हिवाळ्यात आपल्या मंडळात ब्लँकेट-वाटपाच्या सहलीचा ठराव आला, तर वाचकांनी उठून एक उपसूचना मांडावी. बसभाड्याची रक्कम गावात काय हवे हे मितानिनीला विचारून तिच्याच सांगण्याप्रमाणे खर्चावी. आणि जायचेच असेल तर ज्यांना पुढच्या शनिवारीही जायचे आहे त्यांनीच जावे. उपसूचना फेटाळली गेली तर रागावू नये. सर्वांबरोबर आनंदाने जावे, धबधबा पाहावा, पुऱ्या खाव्यात. मात्र अहवाल लिहिताना तिला सहल म्हणावे.